घरून डबे सुरू करताना आधी घड्याळ मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हाताला चव आहे, घरचे आणि शेजारी कौतुक करतात, जवळच्या ऑफिसांमधल्या लोकांना दुपारचं जेवण घरून करून द्यायचं आहे. सुरुवात किती डब्यांनी करावी, भाव कसा लावावा आणि त्यासाठी नोकरी सोडावी का?

मी १७ वर्षं हेच काम करते आहे. पहिली ४ वर्षं घरच्या ओट्यावर, नंतर वेगळी जागा घेऊन. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण त्यांच्या आधी येणारा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही. मीही तेव्हा विचारला नव्हता. दुपारच्या जेवणाच्या धंद्यात सगळ्या गिऱ्हाइकांना भूक एकाच पाऊण तासात लागते. रात्रीच्या जेवणाला कोणी आठला येतं, कोणी दहाला. केक किंवा फराळ आदल्या दिवशी करून ठेवता येतो. दुपारचा डबा मात्र १ वाजता लागतो म्हणजे १ वाजताच लागतो. दीड वाजता पोहोचलेला उत्तम डबा हा वाया गेलेला डबा, कारण तोपर्यंत माणूस खाली उतरून काहीतरी खाऊन आलेला असतो. त्यामुळे ‘मला किती लोकांचा स्वयंपाक जमतो’ यापेक्षा ‘ठरलेल्या मिनिटाला माझ्या घरातून किती डबे बाहेर पडू शकतात’ हे आधी कळायला हवं.

हा हिशोब उलटा करायचा. समजा गिऱ्हाईक १ वाजून १० मिनिटांनी डबा उघडतो. डबे तिथे १२.५० पर्यंत पोहोचले पाहिजेत, म्हणजे घरातून १२.१० ला निघाले पाहिजेत. आता डबा भरायला लागणारा वेळ. तीन-चार पदार्थ मापाने वाढायचे, कडा पुसायच्या, झाकण लावायचं, नाव चिकटवायचं, याला मला एकटीला दीड मिनिट लागायचं. तुम्हाला सव्वा लागेल किंवा दोन लागतील, मोजून बघा. ३० डबे म्हणजे ४५ मिनिटं. ५ मिनिटं हाताशी ठेवली तर ११.२० ला भरायला बसायचं आणि त्याच्या आधी सगळी शेगडी बंद. पहिला भरलेला डबा खाल्ला जाईपर्यंत १ तास ५० मिनिटं होतात.

आता हेच ६० डब्यांसाठी करा. भरायलाच दीड तास लागला. बसायची वेळ १०.३५ वर आली आणि पहिला डबा खाल्ला जाईपर्यंत अडीच तासांच्या वर गेले. पातेलं मोठं आणलं, गॅस मोठा आणला, तरी हे गणित सुटत नाही. ते सुटतं दुसऱ्या हातांनी, नाहीतर डबे दोन फेऱ्यांत पाठवून. मला हे दुसऱ्या वर्षी समजलं. एका ऑफिसाने एकदम जास्तीचे डबे मागितले आणि मी आनंदाने हो म्हणून बसले. स्वयंपाक वेळेत झाला होता. ओट्यावर उघड्या डब्यांची रांग लागलेली, मी एकटी डाव हातात घेऊन, आणि दारात गाडीवाला मुलगा. त्या दिवशी निम्मे डबे गार गेले, उरलेले उशिरा गेले आणि ते ऑफिस पुन्हा आलं नाही.

पहिला डबा खाल्ला जाईपर्यंतचा वेळ मी उगाच मोजत नाही, त्याला दोन तासांची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं आहेत: स्वच्छता, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवणं, नीट शिजवणं, योग्य तापमान, आणि शुद्ध पाणी व चांगला माल. त्यातल्या तापमानाच्या सूत्राचा सारांश असा, की शिजलेलं अन्न साध्या खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. गरम द्यायचं असेल तर ६० अंश सेल्सियसच्या वर ठेवावं आणि ठेवायचंच असेल तर ५ अंशांच्या खाली. मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. घरात चार माणसांचं जेवण गॅसवरून थेट ताटात येतं, म्हणून या पट्ट्याशी आपला फारसा संबंध येत नाही. डब्याचा येतो, आणि रोज येतो. एक सुईचा थर्मामीटर घ्या. बर्फाच्या पाण्यात बुडवल्यावर तो ० दाखवतो का हे अधूनमधून तपासा. भरताना पदार्थ किती अंशांवर आहे आणि दोन तासांनी डब्यात किती उरतो, हे एकदा मोजलंत की उष्णता धरणारी पिशवी लागणार की नाही याचा वाद राहत नाही.

याच विषयातली एक गोष्ट नवीन माणसं हमखास करतात, ती म्हणजे वेळ वाचवायला आदल्या रात्री शिजवून ठेवणं. करू नका असं म्हणत नाही, पण कसं करता त्यावर सगळं आहे. मोठ्या पातेल्यात गार होणारं अन्न मधोमध तासन्‌तास कोमट राहतं. शिजवल्यावरही जिवंत राहतील असे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेली रूपं, काही जंतूंचे असतात. मांसाचे रस्से, कडधान्यं अशा दाट पदार्थांत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, भातात बॅसिलस सीरियस. दुसऱ्याचं एक विष तर असं आहे की पदार्थ पुन्हा उकळला तरी ते नष्ट होत नाही. म्हणजे ‘सकाळी सणसणीत गरम करून घेते’ हा उपाय तिथे लागू पडत नाही. आधी करायचंच असेल तर पसरट ट्रेमध्ये, दोन-अडीच बोटं थर देऊन, लवकर गार करून लगेच फ्रिजमध्ये, आणि सकाळी ७० अंशांच्या वर नेऊन मगच डब्यात. घरचा फ्रिज यासाठी बनलेला नसतो. गरम पातेलं आत सरकवलंत की आतलं दूध-दहीसुद्धा कोमट होतं. मी स्वतः शिजवलेलं आदल्या रात्री ठेवणं बंद केलं. रात्री फक्त निवडणं, धुणं, चिरणं, वाटणं आणि मोजून ठेवणं. सकाळचा निम्मा ताण तिथेच उतरतो, आणि भात नेहमी त्या दिवशीचाच असतो.

जाता जाता सांगते, मोठ्या कारखान्यांत अन्नाच्या सुरक्षिततेसाठी जी ‘हॅसप’ नावाची पद्धत वापरतात ती १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या जेवणासाठी नासा आणि पिल्सबरी कंपनीच्या कामातून तयार झाली. तिचा गाभा घरच्या ओट्यालाही लागू होतो: तयार झालेला पदार्थ चाखून शेवटी पास-नापास करत बसण्यापेक्षा वाटेत बिघडण्याच्या जागा आधीच ओळखायच्या आणि तिथे मोजमाप ठेवायचं. तुमच्याकडे अशा जागा बहुतेक चारच निघतील: माल आला ती वेळ, शिजल्याचं तापमान, भरतानाचं तापमान, घरातून निघाल्याची वेळ. एका वहीत रोज चार आकडे. तक्रार आली तर हीच वही तुमच्या बाजूने बोलते.

मेनूबद्दल. घरी एखादा पदार्थ चांगला होतो म्हणून तो डब्यात चांगला लागेलच असं नाही. ज्याची गंमत कुरकुरीतपणात आहे तो झाकणाखाली वाफेने लिबलिबीत होतो. रस सुटणारा पदार्थ शेजारच्या कप्प्यात जातो. मी नवीन पदार्थ घ्यायच्या आधी एकच परीक्षा करते. तो डब्यात भरायचा, झाकण लावायचं, दोन तास विसरून जायचं आणि मग ताटात न घेता डब्यातूनच खायचा. माझे निम्मे आवडते पदार्थ या परीक्षेत नापास झाले. दुसरी कसोटी ऐन वेळच्या कामाची. ज्याला शेवटच्या अर्ध्या तासात शेगडीपाशी उभं राहावंच लागतं असा पदार्थ दिवसाला एकच ठेवा. असे दोन एका दिवशी आले की भरायला बसायची वेळ चुकलीच समजा. १० दिवसांचा फिरता मेनू केलात तर आठवड्याला ५ दिवस काम धरून दोन आठवडे पदार्थ पुन्हा येत नाही. त्यात रोज पर्याय देऊ नका. दोन पर्याय दिले की दोन्हींचा अंदाज चुकतो.

प्रमाण वाढवताना सरळ गुणाकार चालत नाही, हेही लक्षात ठेवा. पाणी तिप्पट घेतलं तर त्याच शेगडीवर उकळी यायलाही जवळपास तिप्पट वेळ लागतो. उलट मोठ्या पातेल्यात वाफ होऊन जाणारं पाणी त्या मानाने कमी असतं, म्हणून गुणाकाराने पाणी घातलं की रस्सा पातळ होतो. मीठ आणि तिखट आधी हिशोबापेक्षा थोडं कमी घालून नंतर वाढवावं. मला एका अवाढव्य पातेल्यापेक्षा दोन मध्यम पातेली कायम बरी वाटली. एखादं लागलं, खारट झालं, तरी दुसरं हाताशी असतं.

आता भाव. इथे बहुतेकांची फसगत ‘साहित्याच्या दुप्पट’ या सोप्या नियमाने होते. माझ्या वहीतला जुना हिशोब सांगते. तुमचे आकडे वेगळे येतील, रचना तीच राहील. डब्याची किंमत १०० धरली तर साहित्य ३४, पॅकिंग ८, इंधन-वीज-पाणी ५, पोहोचवणं १०, वाया जाणं आणि उरणं ५, आणि परवाना, विमा, फोन, भांड्यांची झीज मिळून ६. एकूण ६८. उरले ३२, आणि तो नफा नव्हे, माझी सकाळी सहापासूनची मजुरी. आता साहित्याच्या दुप्पट भाव लावून बघा. ३४ दुणे ६८. खर्चही ६८. म्हणजे महिनाभर तुम्ही लोकांना फुकट राबून जेवू घातलंत, आणि गल्ल्यात रोज पैसे येताना दिसत असल्यामुळे तुम्हाला ते कळलंही नाही.

साहित्याचा आकडासुद्धा नीट काढा. बाजारातून १ किलो भाजी आणली आणि साल, देठ, खराब भाग काढून ८०० ग्रॅम पातेल्यात पडली, तर तिचा खरा दर पावतीवरच्या दराच्या सव्वापट आहे. आणि वाढताना हात सढळ असणं हा घरात गुण आहे, इथे ती गळती आहे. प्रत्येक डब्यात २० ग्रॅम जास्त पडलं तर ३० डब्यांत ६०० ग्रॅम गेले. २०० ग्रॅमचं एक वाढप धरलं तर तीन डब्यांचा पदार्थ. प्रत्येक पदार्थाला एक ठरावीक डाव ठेवा आणि पहिला आठवडा वजनकाट्यावर डबा ठेवून भरा. हाताला माप बसतं.

उरलेल्या डब्यांचं दुखणं आणखी मोठं आहे. न विकलेल्या एका डब्यात साहित्य आणि पॅकिंग मिळून ४२ गेले. दोन डबे उरले तर ८४, म्हणजे जवळजवळ तीन विकलेल्या डब्यांची मजुरी साफ. म्हणून ‘करून ठेवते, जातील’ हा प्रकार नको. आदल्या संध्याकाळी ठरावीक वेळेपर्यंत मागणी, आठवड्याचे पैसे आगाऊ, आणि त्याच वेळेपर्यंत कळवलेली सुट्टीच ग्राह्य. पहिल्याच दिवशी हे सांगितलंत तर कोणाला वाईट वाटत नाही. दोन महिन्यांनी सांगितलंत तर सगळ्यांना वाटतं. ओळखीच्या माणसांसाठी नियम मोडायची पाळी येईल. मी मोडले, आणि पैसे थकले ते त्यांचेच.

ऑर्डर घेणाऱ्या ॲपवर जावं का, हे तुमच्या भागात दुसरा मार्ग आहे की नाही त्यावर अवलंबून. समजा त्यांनी १०० मागे २५ घेतले आणि पोहोचवण्याचा तुमचा १० चा खर्च वाचला, तर वरच्या हिशोबात ३२ चे १७ होतात. शिवाय मागणी ऐन वेळी येते, म्हणजे पुन्हा घड्याळाशी झटापट. त्यापेक्षा एकाच इमारतीतली १२ माणसं शोधा. १२ ठिकाणची १२ माणसं आणि एका जागची १२ माणसं यांत पोहोचवण्याचा जमीन-अस्मानाचा फरक आहे. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. बाराच्या रहदारीत, जिना किंवा लिफ्ट धरून किती मिनिटं लागतात ते स्वतः जाऊन बघा.

इथवर आलो तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. घरच्या चार शेगड्या, एक फ्रिज आणि एकटी व्यक्ती असेल तर मी १० ते १२ डब्यांनी सुरुवात करा म्हणेन, ३० ही पहिल्या वर्षाची वरची मर्यादा माना आणि त्यापुढे जायचं ते भरायला दुसरा माणूस मिळाल्यावरच. घरात मदतीला कोणी पक्कं असेल तर हे आकडे वाढतील. ‘पक्कं’ म्हणजे रोज सव्वाअकराला ओट्यापाशी हजर, मूड असेल तेव्हा नव्हे.

परवान्याचं मी नेमकं सांगू शकत नाही, कारण नियम जागेगणिक बदलतात. पण आपल्या भागातल्या अन्नखात्यात जाऊन काय विचारायचं ते सांगते. घरच्या स्वयंपाकघरातून विक्रीला परवानगी आहे का, एवढंच विचारून परत येऊ नका. ‘रोजचं शिजवलेलं गरम जेवण’ असे शब्द वापरून विचारा. कित्येक ठिकाणी घरगुती उद्योगाची सोपी नोंदणी लोणची, मुरंबे, बिस्किटं अशा टिकाऊ पदार्थांपुरतीच असते आणि जेवणाला वेगळी परवानगी, कधी तपासणी लागते. घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. घराचा विमा असेल तर घरात धंदा चालू केल्यावर तो लागू राहतो का, तेही विचारा.

ॲलर्जीच्या बाबतीत मात्र सगळीकडे एकच नियम समजा. शेंगदाणा, काजू-बदामासारखा सुकामेवा, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, सोया, गहू, तीळ यांपैकी त्या दिवशी काय आहे ते मेनूवर लिहायचं. कोणी ‘यात अमुक अजिबात नाही ना?’ विचारलं आणि त्याच ओट्यावर, त्याच मिक्सरमध्ये ते वापरलं जात असेल, तर ‘खात्री देता येणार नाही’ असंच उत्तर द्यायचं. एक गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या. आणि तुम्हाला किंवा मदतनिसाला उलट्या-जुलाब झाले तर ते थांबल्यावरही ४८ तास अन्नाला हात लावायचा नाही. त्या दोन दिवसांचे पैसे परत करायचे. मी असे सहा-सात वेळा केले आहेत आणि त्यातलं एकही गिऱ्हाईक तुटलं नाही.

कौतुकाबद्दल थोडं कडू बोलते. फुकट जेवलेल्या माणसाचं मत धंद्याला उपयोगाचं नाही. चाचणीचे डबेसुद्धा पूर्ण भावाने विका आणि परत येणारे डबे असतील तर उघडून बघा. तोंडावर ‘मस्त’ म्हणणाऱ्याच्या डब्यात एखादा कप्पा रोज तसाच राहिलेला दिसतो. मला इतकी खरी माहिती दुसऱ्या कशातून मिळाली नाही. अर्थात परत येणारे डबे म्हणजे दोन संच, शिवाय हरवणाऱ्यांसाठी वरचे काही, आणि दुपारी तासभर घासणं. टाकाऊ डब्यांत तो तास वाचतो, पण पॅकिंगचा ८ चा आकडा रोज द्यावा लागतो. मी परतीचे निवडले. कंबर धरली की मला त्या निर्णयाचा पश्चात्ताप होतो.

घरच्यांशी बोलून घ्या. सकाळी सातपासून साडेबारापर्यंत स्वयंपाकघर तुमचं नाही, धंद्याचं आहे. तेव्हा चहा करायला कोणी आत यायचं नाही, मुलांचा खाऊ आधी बाहेर काढून ठेवायचा, मांजर-कुत्रं असेल तर दार बंद. हे ज्या घरात जमत नाही तिथे बाकी सगळं जमूनही कुरबुरी होतात.

नोकरी आत्ताच सोडू नका. तिथली आठवडाभराची रजा टाका. सोमवार ते शुक्रवार, १२ डबे, पैसे आगाऊ घेऊन, मेनू आधी जाहीर करून. रोज त्या वहीत आकडे लिहा आणि शेवटी फक्त एक रकाना बघा: पाच दिवसांपैकी किती दिवस डबे १२.१० ला घराबाहेर पडले? चार किंवा पाच असतील तर पुढच्या रजेत १८ डबे करून बघा. तीन किंवा कमी असतील तर डबे १२ च ठेवा, मेनूतला एक पदार्थ काढा आणि पुन्हा पाच दिवस.